पाप आणि इच्छास्वातंत्र्य : ख्रिस्ती श्रद्धेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात धर्मशिक्षणाचे वर्ग घेताना, आणि त्याहूनही अधिक वेळा एस.टी.च्या प्रवासात किंवा शेजाऱ्यांच्या पडवीत बसलेलो असताना, जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांमध्ये ख्रिस्ती तरुण होते, तसेच हिंदू आणि मुसलमान शेजारीही होते. मी कॅथलिक असल्यामुळे उत्तरे त्या परंपरेतून आलेली आहेत. इतर ख्रिस्ती पंथांचे म्हणणे जेथे वेगळे आहे, तेथे ते तसे नोंदवले आहे.

ख्रिस्ती श्रद्धेत पाप म्हणजे नेमके काय?

मराठीत पाप हा शब्द आपण साठ्यासारखा वापरतो. पापाचा घडा भरतो, पुण्य गाठीला बांधले जाते, चित्रगुप्ताच्या वहीत दोन्हींचा हिशेब राहतो. बायबलमध्ये कर्जाची आणि हिशेबाची भाषा नाही असे नाही, परंतु तेथील मूळ कल्पना वेगळी आहे. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत पापासाठी सर्वांत अधिक वेळा येणाऱ्या शब्दाचा मुळातील अर्थ ‘नेम चुकणे’ असा आहे. ‘शास्ते’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात बन्यामीन वंशातील सातशे डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे. केसावर नेम धरला तरी त्यांचा दगड चुकत नसे. तेथे ‘चुकणे’ यासाठी जे क्रियापद आले आहे, तेच इतरत्र ‘पाप करणे’ या अर्थाने येते. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतील ‘हमार्तिया’ हा शब्दही याच अर्थाचा आहे.

हिब्रूत आणखी दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ वाकडेपणा असा होतो आणि दुसऱ्याचा बंडखोरी असा. म्हणजे एकाच गोष्टीकडे तीन अंगांनी पाहिले आहे: माणूस जेथे पोहोचायला हवा होता तेथे पोहोचला नाही, तो आतून वाकला, आणि ज्याच्याशी नाते होते त्याच्याकडे त्याने पाठ फिरवली. यांतील तिसरे अंग मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नियम मोडला ही बाब दुय्यम असते. कोणाशी असलेले नाते मोडले, ते पाहावे लागते. म्हणूनच केलेल्या कृत्याइतकेच न केलेले कृत्यही पाप ठरू शकते. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेच्या, आरंभी जी कबुली म्हटली जाते, तिच्यात विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर कर्तव्यात केलेल्या कसुरीचाही उच्चार असतो.

हे कर्माच्या सिद्धान्तासारखेच नाही का? गेल्या जन्मीच्या पापाची फळे या जन्मी भोगावी लागतात, असे ख्रिस्ती मानतात का?

नाही. ख्रिस्ती श्रद्धेत पुनर्जन्म नाही, त्यामुळे गेल्या जन्माचा हिशेबही नाही. मात्र दुःख म्हणजे पापाची शिक्षा, हा विचार येशूच्या भोवतालच्या लोकांतही पक्का रुजलेला होता. योहानच्या शुभवर्तमानात शिष्य एका जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. येशू उत्तर देतो की याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात सिलोअमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याची हकिकत आहे, आणि मेलेले लोक यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक पापी नव्हते, असे येशू तेथे स्पष्टपणे सांगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आदळले आणि दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा अमक्या गावाने काय पाप केले होते अशी कुजबुज आपल्याकडेही ऐकू आली होती, आणि ती करणाऱ्यांत काही ख्रिस्ती माणसेही होती. त्यांना हा अध्याय वाचायला सांगावा.

यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी लोकांत एक म्हण रूढ होती: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. ही म्हण यापुढे चालणार नाही, जो पाप करील तोच त्याबद्दल जबाबदार राहील, असे यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात बजावले आहे.

मग आदाम आणि हव्वा यांनी फळ खाल्ले, त्याचा दोष आमच्या माथी का मारला जातो?

सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि वरच्या उत्तरानंतर तो अधिकच टोकदार होतो. प्रथम दोन बारकावे सांगतो. ‘उत्पत्ती’च्या तिसऱ्या अध्यायात सफरचंदाचा उल्लेख नाही, केवळ ‘फळ’ असे म्हटले आहे. दुसरे म्हणजे त्या संपूर्ण कथेत ‘पाप’ हा शब्दच येत नाही. तो प्रथम येतो चौथ्या अध्यायात, भावाचा खून करण्यापूर्वी काइनाला देव सावध करतो तेव्हा. पाप दारापाशी दबा धरून बसले आहे, त्याची ओढ तुझ्याकडे आहे, पण तू त्याच्यावर सत्ता चालवली पाहिजेस, अशा आशयाचे ते वचन आहे. पाप आणि इच्छास्वातंत्र्य यांचा सगळा वाद त्या एका वचनात आधीच आलेला आहे.

आदिपाप म्हणजे काय, हे मी खारजमिनीच्या उदाहरणाने सांगतो, कारण वर्गातील मुलांना ते लगेच उमगते. खाडीकाठी बांध घालून भरतीचे पाणी अडवलेले असते आणि आत भातशेती होते. बांधाला एकदा खांड पडली की खारे पाणी आत शिरते, आणि नंतर बांध सावरला तरी मातीतील खार लगेच जात नाही. त्या घरात पुढे जन्मलेल्या मुलाने बांध फोडलेला नसतो. त्याला कोणी गुन्हेगार म्हणणार नाही. परंतु तो नांगर धरील ती जमीन खारीच असेल आणि त्याचे भात पिवळेच पडेल. आदिपाप हे असे वाट्याला आलेले आहे, आपण केलेले नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही ते ‘पाप’ केवळ उपमेने म्हटले जाते, ती केलेली कृती नसून वाट्याला आलेली अवस्था आहे, असे सांगितले आहे.

येथे एक मतभेद नोंदवायला हवा. उत्तर आफ्रिकेतील संत ऑगस्टिन (३५४–४३०) यांनी या शिकवणुकीला जो आकार दिला, त्यात वारशाने येणाऱ्या दोषावर भर होता. त्यांच्या हाती असलेल्या लॅटिन भाषांतरात रोमकरांस पत्र ५:१२ या वचनाचा शेवट ‘ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केले’ असा वाचता येत होता. ग्रीक मुळाचा अर्थ बहुतेक अभ्यासक ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा लावतात. ग्रीक परंपरेतील ऑर्थोडॉक्स चर्च त्यामुळे मरण आणि दुबळेपणा वारशाने आले असे म्हणते, अपराध वारशाने आला असे म्हणत नाही. मला स्वतःला ऑर्थोडॉक्सांची मांडणी अधिक मोकळी वाटते, आणि खारजमिनीचे उदाहरण तिलाही चालते.

देवाने पाप करता येईल असा माणूस घडवलाच कशाला?

ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याच्या होकाराला किंमत नसते, हे नेहमीचे उत्तर आहे आणि ते खरे आहे. परंतु एखाद्याच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्याच्या लेकराने का मोजावी, हा त्यापुढचा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही. ख्रिस्ती श्रद्धा तेथे युक्तिवाद थांबवून क्रुसाकडे बोट दाखवते, म्हणजे देवानेही ती किंमत मोजली असे सांगते. हे श्रद्धेचे विधान आहे. ते तर्काने सिद्ध करता येईल असा दावा मी करत नाही.

देव सर्वज्ञ आहे, मी उद्या काय करणार हे त्याला ठाऊक आहे. मग माझे स्वातंत्र्य खरे कसे?

एका विद्यार्थ्याने यावर भरती-ओहोटीच्या तक्त्याचे उदाहरण दिले होते: तक्त्यात वेळ छापलेली असते म्हणून काही भरती येत नाही. उदाहरण चलाख आहे, पण ते लंगडे पडते, कारण भरतीला मुळात निवडच नसते. संत ऑगस्टिन यांचे उदाहरण अधिक नेमके आहे. काल घडलेली गोष्ट मला आठवते, परंतु माझ्या आठवणीमुळे ती घडली नाही. त्याचप्रमाणे देवाचे पूर्वज्ञान आपल्याला ती गोष्ट करायला भाग पाडत नाही. सहाव्या शतकात रोमन तत्त्वज्ञ बोएथियस यांनी तुरुंगात असताना यात एक भर घातली: देवाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ नाही, त्याच्यासमोर सर्व काळ एकदमच उभा आहे, त्यामुळे त्याच्या ज्ञानाला ‘पूर्व’ज्ञान म्हणणे ही आपल्या भाषेची मर्यादा आहे.

इच्छा स्वतंत्र आहे, तर वाईट गोष्ट कळूनही सुटत का नाही?

संत पौल यांनी रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हीच तक्रार केली आहे: जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही, आणि जे वाईट करावेसे वाटत नाही तेच करत राहतो. दारू सोडण्यासाठी झगडणाऱ्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

या प्रश्नावर चर्चमध्ये शतकानुशतके वाद झाला आहे. मुळचे ब्रिटनचे आणि रोममध्ये शिकवणारे पेलॅगियस यांचे म्हणणे असे होते की देवाने आज्ञा दिली आहे त्याअर्थी ती पाळण्याचे बळही माणसाच्या ठायी आहे. दुबळेपणाची सबब सांगू नये. ऑगस्टिन यांचे उत्तर असे की आजारी माणसाला ‘ऊठ आणि चाल’ म्हणून तो बरा होत नाही. कृपेवाचून, म्हणजे देवाने आपण होऊन दिलेल्या मदतीवाचून, इच्छा चांगल्याकडे वळतच नाही. ४१८ साली कार्थेजच्या सभेने पेलॅगियस यांची शिकवण फेटाळली. ५२९ साली ऑरेंजच्या सभेने श्रद्धेचा आरंभसुद्धा कृपेनेच होतो असे ठरवले, मात्र देवाने कोणाला वाईटासाठी आधीच नेमून ठेवले आहे ही कल्पनाही तिने तितक्याच ठामपणे नाकारली.

हजार वर्षांनी तोच वाद पुन्हा पेटला. १५२४ मध्ये कॅथलिक विद्वान इरॅस्मस यांनी इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली आणि १५२५ मध्ये प्रोटेस्टंट चळवळीचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनी तिला उत्तर दिले: माणसाची इच्छा ओझ्याच्या जनावरासारखी आहे, तिच्यावर देव स्वार झाला तर ती देवाच्या वाटेने जाते आणि सैतान स्वार झाला तर सैतानाच्या, स्वार निवडणे जनावराच्या हाती नसते. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५४७ मध्ये इच्छाशक्ती दुबळी झाली आहे, कललेली आहे, पण विझलेली नाही, असा निर्णय दिला. प्रोटेस्टंटांमध्येही एकमत नव्हते. हॉलंडमधील डॉर्टच्या सभेने (१६१८–१९) माणूस देवाची कृपा नाकारू शकतो असे म्हणणाऱ्या आर्मिनियस यांच्या अनुयायांची मते नाकारली, आणि पुढच्या शतकात जॉन वेस्ली यांनी पुन्हा असे शिकवले की देवाची कृपा प्रत्येक माणसाकडे आधीच येऊन पोहोचलेली असते आणि तिला प्रतिसाद देण्याइतपत मोकळीक तीच देते.

खारजमिनीकडे परत येतो. मातीतील खार धुऊन काढणे शेतकऱ्याच्या हाती नाही. ते काम पावसाचे, आणि त्याला एक पावसाळा पुरत नाही. परंतु बांधाची खांड न बुजवता पावसाची वाट पाहत बसणाऱ्याच्या शेतात पुढच्या उधाणाला पुन्हा खारे पाणी येणारच. बांध घालण्याचे बळही पाऊसच देतो का, यावर ल्यूथर आणि ट्रेंट यांचे जमले नाही. तरीही १९९९ साली ३१ ऑक्टोबर रोजी ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चने एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि माणूस स्वतःच्या कर्तृत्वाने नव्हे तर कृपेने देवापुढे नीतिमान ठरतो, हे दोघांनी मिळून मान्य केले.

कोकणातील ख्रिस्ती यांपैकी कोणत्या मताचे आहेत?

दोन्ही. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती. तेथील, तसेच रेवदंडा-कोर्लई आणि सिंधुदुर्गातील बहुतेक ख्रिस्ती कॅथलिक आहेत. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली बाणकोटला आले, त्यांची परंपरा प्रोटेस्टंट. घरोघरच्या बोलण्यात मात्र ट्रेंट आणि डॉर्ट यांच्यापेक्षा ‘देवाची मर्जी’ आणि ‘आपलेच कर्म’ हे दोन शब्दप्रयोगच अधिक ऐकू येतात.

मोठे पाप आणि छोटे पाप असा भेद आहे का?

कॅथलिक शिकवणीत आहे. पाप प्राणघातक ठरण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाब गंभीर असावी, ती गंभीर आहे याचे पूर्ण ज्ञान असावे आणि ती जाणूनबुजून, स्वतःच्या संमतीने केलेली असावी. तिन्हींपैकी एक जरी कमी पडली, तरी ते चूकच राहते, पण देवाशी असलेले नाते तोडणारे ठरत नाही. बहुतेक प्रोटेस्टंट पंथ ही वर्गवारी मानत नाहीत.

येथे एक घरचे उदाहरण देतो. मी पंधरा वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत एका बागायतदाराकडे हापूसच्या पेट्या भरायला जात असे. तळाला पेंढा, त्यावर फळांचा थर, मग पुन्हा पेंढा. एका दुपारी मी एका पेटीच्या तळाच्या थरात डागी आंबे लावले आणि वर निवडक फळे मांडून ती बंद केली. मला तसे कोणी सांगितले नव्हते आणि त्यातून मला एक पैसाही मिळणार नव्हता. सोबतच्या दोघा मुलांना हे करता येते हे दाखवायचे होते, एवढेच. पुढे संत ऑगस्टिन यांनी सोळाव्या वर्षी केलेल्या पेअरच्या चोरीची हकिकत वाचली, तेव्हा मी चपापलो. त्यांनाही फळे खायची नव्हती. त्यांनी ती डुकरांपुढे टाकली. चोरी करण्यातच मजा होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. माझी बाब गंभीर नव्हती, पण ज्ञान आणि संमती पुरेपूर होती.

पोटासाठी किंवा मालकाच्या हुकुमावरून केलेल्या गोष्टीचे पाप लागते का?

अज्ञान, भीती, जबरदस्ती, जडलेली सवय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि कधी पूर्णपणे नाहीशीही होते, असे कॅथलिक शिकवण सांगते. आपल्या किनाऱ्यावर याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी अशी मासेमारी थांबलेली नाही. त्या बोटीवरील खलाशाने मालकाकडून आगाऊ पैसे घेतलेले असतात आणि समुद्रात गेल्यावर ‘मी दिवा लावणार नाही’ असे म्हणण्याची सोय त्याला नसते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या गावाच्या तोंडचा घास त्या दिव्यामुळे जातो हे त्याला ठाऊक असते, कारण अनेकदा तो त्याच गावचा असतो. त्याचे स्वातंत्र्य शून्य नाही, परंतु बोटमालकाच्या आणि व्यापाऱ्याच्या स्वातंत्र्याइतके ते मोठेही नाही, आणि जबाबदारी त्याच प्रमाणात वाटली जाईल. अनेकांच्या लहानमोठ्या निवडी साचून जी अन्याय्य व्यवस्था उभी राहते, तिला अलीकडच्या शिकवणुकीत ‘सामाजिक पाप’ असे नाव आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ मध्ये त्याविषयी लिहिताना असे बजावले की व्यवस्थेला दोष देऊन व्यक्तीने स्वतःची सुटका करून घेऊ नये.

सैतानाने बुद्धी फिरवली, असे म्हणता येईल का?

मोह बाहेरून येऊ शकतो, संमती बाहेरून येत नाही. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात मोहाचे मूळ माणसाच्या स्वतःच्याच वासनेत दाखवले आहे. आपल्याकडे बाधा, देवचार, कोणीतरी केलेली करणी यांवर खापर फोडायची सवय आहे, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती गेलेली नाही.

कुमसार म्हणजे काय? फादरना सांगून मोकळे व्हायचे आणि पुन्हा तेच करायचे, असा त्याचा अर्थ नाही का?

सिंधुदुर्गात आणि गोव्यात पापकबुलीला कुमसार म्हणतात. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा ती करण्याचा नियम घालून दिला, आणि ऐकलेले उघड करणाऱ्या पाद्र्याला कडक शिक्षाही त्याच वेळी सांगितली. पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि झालेल्या नुकसानीची शक्य तितकी भरपाई यांवाचून केलेली कबुली पोकळ असते, त्यामुळे ‘पुन्हा करायला मोकळे’ हा हिशेब तेथे जमत नाही.

मला यातील भाषेचा भाग विशेष वाटतो. मराठीत पुण्य आपण ‘करतो’ किंवा ‘जोडतो’, पाप मात्र आपल्या ‘हातून घडते’. ‘माझ्याकडून झाले’, ‘तोंडातून निघून गेले’, ‘हात उचलला गेला’, अशी सगळी वाक्यरचना कर्त्याला बाजूला सारते. त्या आंब्याच्या पेटीविषयी मीही कुमसारात ‘माझ्या हातून एक लबाडी झाली’ असेच म्हणालो होतो. जाळीपलीकडून फादरनी विचारले, “झाली की केलीस?” मी ‘केली’ म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, “पेटी कुठे गेली?” ती ट्रकने वाशीच्या बाजारात गेली होती. प्रार्थनांबरोबर बागायतदाराला सांगण्याचे कामही त्यांनी माझ्यावर सोपवले. बागायतदार हसला नाही आणि ओरडलाही नाही. त्याने आठवड्याच्या मजुरीतून एका पेटीचे पैसे वजा केले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर बोलावले.

‘मी केले’ असे म्हणणारा माणूस स्वतःला दोष देत असतो हे खरे, पण त्याच वाक्यात तो स्वतःला कर्ताही म्हणत असतो. ज्याच्याकडून सगळे नुसते ‘होत’ असते, त्याला क्षमा तरी कशाची करणार?

सतत अपराधी वाटणे हे चांगल्या ख्रिस्ती माणसाचे लक्षण आहे का?

नाही. प्रत्येक गोष्टीत पाप दिसणे ही मनाची एक व्याधी आहे आणि कबुली ऐकणाऱ्या पाद्र्यांना ती जुन्या काळापासून माहीत आहे. तरुण ल्यूथर मठात असताना तासन्‌तास कबुली देत बसत. अशी अवस्था दीर्घकाळ राहिली, झोप-जेवण तुटले, तर फादरबरोबरच मानसोपचारतज्ज्ञालाही भेटावे.

ज्याचे नुकसान केले तो माणूस आता हयात नाही किंवा सापडतच नाही. मग भरपाई कशी करायची?

संत थॉमस अॅक्वायनस यांनी तेराव्या शतकात याचे सरळ उत्तर दिले आहे: माणूस मेला असेल तर त्याच्या वारसांना द्यावे, आणि तो कोण हे शोधूनही कळत नसेल तर ती रक्कम त्याच्या नावे गरिबांना द्यावी. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल करतो. माझी पेटी वाशीत कोणी विकत घेतली, हे मला कधीच कळले नाही. हंगामात पहिली पेटी घरी येते तेव्हा तिच्यातील वरच्या थराची एक डझन फळे मी अजूनही देऊन टाकतो.